येणाऱ्या माझ्या, जाणाऱ्या तिच्या

दूध उतू जायच्या बेतात होतं, आमच्या ह्यांना दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे सापडले होते आणि सासूबाई पेपरातला हवामानाचा अंदाज मोठ्यानं वाचत होत्या, जणू आमच्या घराला खिडकीच नाही. तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल असताना टकटक करणारा माणूस आमच्या इमारतीत एकच.

"झेंडेवाले आले," सासूबाई पेपरातून मान वर न काढता म्हणाल्या. "आता दहा वाजेपर्यंत आपल्या घरातून मोटारी धावणार."

दार उघडलं तर खरंच तिसऱ्या मजल्यावरचे काका. कडक इस्त्रीचा शर्ट, वर चढवलेला चष्मा आणि नखांच्या कडेला तेलाची ती काळी रेघ, जिनं चाळीस वर्षांत कुठल्याही साबणाला दाद दिलेली नाही. एका हातात लांबट पाकीट, दुसऱ्या हातात रबर लावलेला पावत्यांचा गठ्ठा.

"ताई, तुमचं अक्षर चांगलं आहे ना?"

"वाचता येतं लोकांना."

"मग तासभर द्या मला. आज चारच्या आत कागद पोचवायचाय."

ह्यांनी ती संधी साधून माझ्या हातावर मोजे ठेवले, एक निळा, एक काळा, आणि तेच घालून ऑफिसला गेले. मी गॅस बंद केला, काकांना टेबलाशी बसवलं.

काकांचा धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. जिन्याखालच्या खोलीत दुकान, त्यात एक स्टूल, एक दिवा आणि भिंतभर जुन्या मशीनच्या सुट्या भागांचे डबे. माझं मशीन अडलं की ते वर येतात, पण मशीनकडे आधी बघतच नाहीत. "चालवा," म्हणतात आणि डोळे मिटतात. मी पायडल मारते. दहाबारा टाक्यांनंतर ते म्हणतात, "सुईचा दोष नाही. शटल डावीकडे घासतंय." झाकण काढावं तर तसंच असतं. एकदा मी विचारलं, हे कसं जमतं? म्हणाले, "ताई, कान ट्रॅकवर तयार झालाय. इथे फक्त वापरतो."

हा ट्रॅक म्हणजे गावाबाहेरचा मोटार शर्यतींचा. काका आणि वरच्या काकू, दोघं तिथे सव्वीस वर्षं मार्शल. बिनपगारी. एक टोपी, एक जेवणाचं पाकीट आणि दिवसभर ऊन. गाडीत बसलेल्याला पुढचं दिसत नाही, म्हणून प्रत्येक वळणावर झेंडे घेऊन माणसं उभी असतात. पुढे अपघात असेल तर पिवळा झेंडा. मागून वेगवान गाडी येतेय, तिला वाट दे, हे सांगायला निळा. पाचव्या वळणावर निळा काकांकडे आणि पिवळा काकूंकडे. आणि ही दोघं तिथे पाठीला पाठ लावून उभी राहतात. काकांनी येणाऱ्या गाड्या बघायच्या, काकूंनी गेलेल्या. मागे काहीही होवो, मान वळवायची नाही, कारण तुमच्या मागची बाजू दुसऱ्याच्या ताब्यात आहे. त्यांची पाठ तुम्ही राखायची, तुमची त्यांनी.

थोडक्यात, सव्वीस वर्षांत काकांनी अर्धी शर्यत पाहिली आणि काकूंनी अर्धी. संध्याकाळी घरी येऊन चहाच्या कपांभोवती दोघं ती जोडतात. "तो लाल गाडीवाला माझ्याकडे तिसरा आला होता, पुढे काय झालं त्याचं?" "पुढे कसला, दुसऱ्याच्या अंगावरून जायला गेला आणि वाळूत रुतला." आमच्या बेडरूमच्या बरोबर वर त्यांचं स्वयंपाकघर असल्यानं मला हे सगळं पाठ आहे.

पाकिटातला कागद मी उघडला. ट्रॅकला पन्नास वर्षं होतायत, स्मरणिका निघणार आहे. जुन्या मार्शलांनी "आजच्या मोटार शर्यतींविषयी आपले मत" एका पानात लिहून द्यावं. त्याखाली दोन चौकोन: येत्या शर्यतीला ड्यूटीवर येणार, येणार नाही. आणि सगळ्यात शेवटी एकच रिकामी ओळ: आपली काही विनंती असल्यास.

"आणि हे माझं मत," म्हणत काकांनी पावत्यांवरचं रबर काढलं. प्रत्येक पावतीच्या पाठीवर बारीक, तेलकट अक्षर. मी मोजल्या नाहीत, पण पान एक आणि पावत्या ओंजळभर.

"तुमचं लिहायचं काम काकू करतात ना?" मी सहज विचारलं. काकू वाचनालयात नोकरीला होत्या. पुस्तकांच्या पाठीवर त्यांनी लिहिलेले नंबर छापल्यासारखे दिसायचे.

काकांनी एक पावती उगाच सरळ केली. "तिला आता ओळ दिसत नाही."

सासूबाईंनी पेपर खाली ठेवला.

मग कळलं ते असं. काकूंच्या नजरेचा मधला भाग जातोय. समोर बघितलं की मध्ये करडा डाग, कडेचं तेवढं दिसतं. महिनाभरापूर्वी मार्शलांची दरवर्षीची डोळे तपासणी झाली, त्यात त्या नापास झाल्या. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात कडेचंही धूसर होईल. म्हणजे पंधरा दिवसांनी येणारी वर्षातली मोठी शर्यत ही काकूंना जराशी का होईना, दिसणारी शेवटची. काकांच्या जोडीला ट्रॅकनं दुसरा मार्शल ठरवलाय. काकांनी फक्त चौकोनात खूण करायची.

"मग करणार ना खूण?"

"आधी मत लिहू," काका म्हणाले.

मी पेन घेतलं. काका उभे राहिले. बसून मत देणं त्यांना जमत नाही.

"लिहा. पहिली गोष्ट, चालवणाऱ्याला चालवू द्या. कानात रेडिओ आणि रेडिओवर चार शहाणे. टायर जप, इंधन जप, आता जोरात, आता हळू. नव्या सुनेला स्वयंपाकघरात चौघी जणी शिकवतात तसं चाललंय. ती बिचारी मीठ घालायचं विसरणार नाही तर काय?"

सासूबाई खाकरल्या.

"तुम्हाला नाही म्हटलं, आजी."

"मी कुठे काय म्हणाले? लिही गं, चांगलं बोलतायत."

"दुसरी. सरळ रस्त्यावर मागच्याला गाडीचा पंख उघडायची मुभा. पंख उघडला की वेग वाढतो आणि पुढच्याला मागे टाकता येतं. अरे, हे म्हणजे मशीननंच कापड ओढून घ्यायचं. शिवण सरळ येते हो, पण हात कोणाचा? पूर्वी एकाला मागे टाकायला सात-सात फेऱ्या लागायच्या. मी इकडून बघायचो, जवळ आला, अजून जवळ आला. आता अंतर आयतं कापून मिळतं."

"तिसरी," असं करत त्यांची गाडी पुढे निघाली. बक्षीस वाटून झालं, लोक घरी गेले, आणि दोन तासांनी बंद खोलीतून निकाल येतो की पहिला तो पहिला नव्हताच. "शिक्षा करा, पण आमच्या डोळ्यांदेखत करा." मग वर्षभरातल्या शर्यती. इतक्या, की गाड्या दुरुस्त करणाऱ्यांना स्वतःचं घर फोनमध्येच बघायला मिळतं. ह्यावर मात्र काका खरे चिडले. "झोप न झालेल्या हातानं आवळलेला नट आहे तो, ताई. त्या नटावर एक माणूस बसलाय. मी रात्रीचं जागरण झालं तर गिऱ्हाइकाच्या मशीनला हात लावत नाही, आणि ते तर जागचं हलतही नाही."

माझं पान भरत आलं होतं. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सावकाश, कठड्याला धरत. दार उघडंच होतं.

"मी म्हटलं, दुकान बंद आणि माणूस गायब," काकू आत आल्या. त्या माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघत होत्या. मला वाटलं केसात काही अडकलंय, मी हात फिरवला. त्या हसल्या. "काही नाही गं. कानाकडे बघितलं की तुझा चेहरा दिसतो. समोर बघितलं तर तू गायब. आता मी सगळ्यांकडे तिरकं बघते, लोकांना वाटतं म्हातारी रुसलीय."

"बस गं," काका खुर्ची ओढत म्हणाले.

"बसते. काय काय लिहवलंत? वाच बरं मला."

मी वाचलं. काकूंनी डोळे मिटून ऐकलं, अगदी काका मशीन ऐकतात तसं.

"झाल्या का तक्रारी?" वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या.

"तक्रारी नाहीत, मतं आहेत."

"पन्नास वर्षांच्या स्मरणिकेत रेडिओ आणि पंख? अहो, ती डोक्यावरची कमान आली तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात, ते लिहवलंत का?"

काकांनी पावत्या गोळा करायला घेतल्या.

"काय म्हणाले होते?" सासूबाई सरसावल्या.

"चालवणाऱ्याच्या डोक्यावर धातूची कमान बसवतात ना आता, तिला हे म्हणाले, गाडीला चपलेचा अंगठा लावलाय. वर्षभर तेच. जेवताना चप्पल, झोपताना चप्पल. आणि मग माझ्या बाजूला एक गाडी दुसरीच्या अंगावर चढली. चाक बरोबर डोक्यावर. मी पिवळा हलवतेय आणि मनात म्हणतेय, आता चादर आणा."

"चादर?" मी विचारलं.

दोघं एकमेकांकडे बघून थांबली. काकूंनी अर्थात काकांच्या कानाकडे बघितलं.

"आम्हाला पहिल्या वर्षी सगळ्यात आधी झेंडे नाही शिकवले," काका हळू आवाजात म्हणाले. "चादर धरायला शिकवली. गाडीतला माणूस... बघण्यासारखा उरला नसेल, तर लोकांना दिसू नये म्हणून चौघांनी चारी बाजूंनी धरायची. वारा कुठून येतोय ते बघून. पहिल्या सहा वर्षांत मी ती तीनदा धरली."

"त्या दिवशी नाही धरावी लागली," काकू म्हणाल्या. "चाक कमानीवर अडकलेलं. तो खालून सरपटत बाहेर आला, हातमोजे काढले आणि माझ्याकडे पाणी मागितलं. बाटलीचं झाकण त्याच्याच्यानं उघडेना. मी उघडून दिलं. थँक्यू आंटी म्हणाला. आंटी! वीसएक वर्षांचा असेल. त्याच्या आईला त्या संध्याकाळी त्याचा फोन गेला असेल की नाही? मग तेवढं लिहा."

काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "ताई, पंखाचं खोडा. जागा करा." आणि त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिलं: "मी कमानीला चप्पल म्हणालो होतो. मी चुकलो. अकरा वर्षांत आमच्या वळणावर चादरीची घडी मोडलेली नाही. पूर्वीची शर्यत जास्त रंगायची, हे माझं मत कायम आहे. पण आताची पोरं घरी जातात. ज्यांनी हे घडवलं, ते इंजिनियर, ते डॉक्टर, ते नियम करणारे, ज्यांना मी दर रविवारी शिव्या घालतो, त्या सगळ्यांचा मी आभारी आहे."

सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि चहा टाकायला स्वतः उठल्या. हे आमच्या घरात सहसा घडत नाही.

"आता चौकोन," मी म्हटलं.

"येणार, ह्यावर कर खूण," काकू लगेच म्हणाल्या.

"येणार नाही," काका म्हणाले.

"अहो!"

"तू मध्ये बोलू नकोस."

"सव्वीस वर्षं मागून बोलतेय, आज मध्ये बोलले तर बिघडलं कुठे? ताई, तू ह्यांचं ऐकू नकोस. माझे डोळे गेले म्हणून ह्यांचा झेंडा सुटला, असं मला नकोय. मी रेडिओवर ऐकेन घरी बसून. मला सुख लागू द्या."

"मला उभं राहता येणार नाही तिथे," काका म्हणाले.

"का? गुडघे?"

"वळेन मी."

ह्यावर काकूंचा आवाज एकदम खाली आला. "इतक्या वर्षांत एकदाच वळलात."

"एकदाच पुरे असतं."

मला विचारावंच लागलं, कारण माझं पेन चौकोनावर अडकलं होतं. काका सांगू लागले. नववं वर्ष. ढगाळ दुपार. त्यांच्या पाठीमागे, म्हणजे काकूंच्या बाजूला, पत्रा फाटल्यासारखा आवाज आला आणि काहीतरी कुंपणावर येऊन आदळलं, अगदी जवळ. "मला वाटलं, ही गेली. सगळं शिकवलेलं विसरलो आणि मागे वळलो. ही मजेत उभी. पिवळा हलवतेय. एवढं हायसं वाटलं ताई, की मी तसाच बघत राहिलो. तीनचार सेकंद."

"आणि माझ्या पाठीला वारा लागला," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ह्यांची पाठ माझ्या पाठीला असायची ना. ती ऊब गेली, वारा लागला. मला कळलं, हे वळले. म्हणजे त्या बाजूला आता बघणारं कोणीच नाही. मी विचार नाही केला, झेंडा तसाच धरून ह्यांची कॉलर पकडली आणि खाली आडवी झाले. ह्यांच्या बाजूनं एक गाडी सरळ आमच्यावर येत होती, ब्रेक लागत नव्हते तिचे. आम्ही उभे होतो तिथला वळणाच्या नंबराचा फळा उडाला. टायरांच्या ढिगानं वाचवलं तिघांना, आम्हाला आणि गाडीवाल्याला."

काकांना एक पूर्ण मोसम झेंडा मिळाला नाही. पार्किंगमध्ये उभं केलं. ते त्यांना शिक्षा वाटलीच नाही. शिक्षा घरी होती. काकू चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाल्या, "तिथे मी तुमची बायको नव्हते. पिवळा झेंडा होते. तुम्ही माझी काळजी केलीत आणि माझी पाठ उघडी टाकलीत."

"तेव्हापासून," काका म्हणाले, "मागे आभाळ कोसळलं तरी माझी मान हलली नाही. पण का हलली नाही? ही मागे आहे, हे पाठीला कळत होतं म्हणून. आता माझ्या पाठीला दुसराच कोणी असणार आणि ही घरी, गॅसशी, एकटी, समोरचं दिसत नाही अशी. माझं चित्त कुठे असणार? मी वळेन. नाही वळलो तरी मनानं वळलेलाच असेन. त्या दुसऱ्या माणसाची पाठ माझ्या भरवशावर आहे, ताई. त्याच्या घरी कोणी असेलच ना."

चहा आला. काकूंनी कपाच्या जरा डावीकडे बघत कप अचूक उचलला.

"म्हणजे माझ्यामुळेच," त्या म्हणाल्या.

"तुझ्यामुळेच. नऊच्या नऊ वर्षं आणि पुढची सतरा, तुझ्यामुळेच उभा होतो. दुकानात दिवसभर लोकांची बिघडलेली मशीनं, आणि वर्षातले ते आठदहा दिवस म्हणजे... मला काय कमी मिळालं गं? बायकोच्या पाठीला पाठ लावून जगातली सगळ्यात वेगवान पोरं बघितली. फुकट. वर जेवणाचं पाकीट."

"पाकिटातलं गोड तुम्हीच खायचात."

"तू मागे बघत नव्हतीस, मी काय करू?"

काकू हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मग म्हणाल्या, "पण मला घरी नाही बसायचं. रेडिओबिडिओ मी आपलं बोलले."

"मला माहितीये."

"कडेचं दिसतं मला अजून. समोर टक लावून बघायचं नाही एवढंच. गाडी कडेनं गेली की रंगाची रेघ दिसते, आणि गाड्या काय, कडेनंच जातात."

"तेच म्हणतोय मी," काका म्हणाले. मत द्यायला उठल्यापासून पहिल्यांदाच ते खाली बसले, काकूंच्या बाजूच्या खुर्चीवर. "मी सव्वीस वर्षं फक्त येणाऱ्या बघितल्यात. वळण घेतल्यावर त्या कुठे जातात, कशा दिसतात, मला ठाऊक नाही. ऐकीव आहे सगळं. ह्या वेळी तू दाखव. तुझी मान जिकडे वळेल तिकडे मी बघेन. जे तुला दिसणार नाही ते मी सांगेन."

"झेंडा हातात नसताना हात शिवशिवतील तुमचे."

"माझा हात धरून ठेव."

"ह्या वयात? सगळ्या मार्शलांसमोर?"

"ते कुठे बघतायत? त्यांना वळायची बंदी आहे."

सासूबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की त्यांचा चहा बशीत सांडला. मी "येणार नाही" च्या चौकोनात खूण केली. काकूंनी विचारलं, केलीस का, मी हो म्हटलं, आणि त्यांनी मान हलवली. काकांच्या चेहऱ्याकडे मी मुद्दाम बघितलं. वाईट वाटल्याची एक रेष होती, नाही असं नाही. सव्वीस वर्षं हातात धरलेली काठी सोडताना ती असणारच. पण बाकीचा चेहरा मोकळा होता.

"आता शेवटची ओळ राहिली," मी म्हटलं. "विनंती. एकच ओळ आहे हं काका, पावत्या काढू नका."

"विनंती काय करायची त्यांना? त्यांनी काय कमी दिलंय?" ते म्हणाले. मग काकूंकडे वळून, "सांगू का?"

"सांगा की. मागितल्याशिवाय कळणार कसं त्यांना?"

काकांनी शर्ट नीट केला, जणू ट्रॅकचा मोठा साहेब समोर बसलाय, आणि सावकाश, मला लिहिता येईल अशा बेतानं सांगितलं:

"पाचव्या वळणाच्या कुंपणामागे आम्हाला दोन खुर्च्या द्याव्यात, शेजारी शेजारी."